संगीतपरंपरेचा मागोवा घेणारे मराठी चित्रपट

एखादे गाणे, गायकी किंवा वाद्य हाच ज्यांचा खरा विषय आहे, ते कोणाकडून कोणाकडे आले, कोणी जपले आणि कोणाच्या नावावर चढले याचा जे शोध घेतात, अशा चित्रपटांची मराठीत बोलपटाच्या पहिल्या दशकापासून एक ओळ दिसते. संतपट, शाहिरांवरचे चित्रपट, तमाशापट, गायकनटांचे चरित्रपट, घराणेदार गायकीवरचे चित्रपट आणि काही माहितीपट या ओळीत येतात. नुसती भरपूर गाणी असलेला चित्रपट यात मोडत नाही. इथे गाण्याचा वारसा हीच गोष्ट असते आणि ‘हे गाणे नेमके कोणाचे?’ या प्रश्नावर ती उभी असते. या चित्रपटांनी वारसा दाखवला, तसा बदललाही. पडद्यावरची चाल पुढच्या पिढीला मूळ चाल वाटू लागली, असे वारंवार घडले आहे.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (1936). दिग्दर्शन विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचे, संगीत केशवराव भोळे यांचे आणि तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. कथेतला झगडाच मुळी गाण्याच्या मालकीचा आहे. तुकोबा विठ्ठलापुढे तल्लीन होऊन साध्या चालीत अभंग म्हणतात. त्यांचा मत्सर करणारा सालोमालो तोच अभंग उचलतो, ताना-हरकती घालून देवळात म्हणतो आणि लोकांना तो आपलाच असल्याचे सांगतो. शब्द तेच, पण गळ्यातून काय निघते यावरून प्रेक्षकाला खरे-खोटे कळते. भाषणबाजी न करता, केवळ गायनाच्या दोन तऱ्हा समोरासमोर ठेवून भक्ती आणि दिखावा यांतला फरक दाखवण्याची ही रीत आजही कोणत्याही पटकथाकाराने अभ्यासावी अशी आहे.

याच चित्रपटात ‘आधी बीज एकले’ हे पद आहे. ते शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिले. तुकोबांच्या गाथेत ते नाही. तरीही भजनी मंडळांत ते तुकोबांचा अभंग म्हणून गायले जाते आणि गाणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. आठवल्यांनी तुकोबांची भाषा आणि अभंगाची घडण इतकी आत्मसात केली होती, की लोकांनी ते पद परंपरेत सामावून घेतले. चित्रपटाची दखल 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात घेतली गेली. परंतु या पदाचे लोकांच्या तोंडी राहणे हा त्याहून मोठा मान आहे.

शाहिरी परंपरेवरचे दोन महत्त्वाचे चित्रपट राजकमल कलामंदिरने काढले आणि दोहोंना वसंत देसाई यांचे संगीत होते. ‘लोकशाहीर रामजोशी’ (1947) मध्ये जयराम शिलेदार यांनी सोलापूरच्या रामजोशींची भूमिका केली. वेदशास्त्र शिकलेल्या ब्राह्मणाने डफ-तुणतुण्याच्या फडात उभे राहणे ही त्या काळातली खळबळजनक गोष्ट चित्रपटाच्या केंद्रस्थानी होती. त्याच्या यशामुळे मराठीत तमाशापटांची लाट आली. ‘अमर भूपाळी’ (1951) होनाजी बाळा या जोडीवर आहे. होनाजी जातीने गवळी, कवने त्यांची आणि गळा बाळा कारंजकर यांचा. ‘घनश्याम सुंदरा श्रीधरा’ ही घराघरांत पहाटे म्हटली जाणारी भूपाळी लावणीच्या फडातल्या शाहिराची आहे, हे या चित्रपटाने लोकांपुढे ठेवले. शृंगाराच्या लावण्या लिहिणारा हात आणि देवाला जागवणारा हात एकच, ही गोष्ट सोवळ्या घरांना पचायला सोपी नव्हती. भूपाळीची आज सर्वांच्या कानांत असलेली चाल मात्र पंडितराव नगरकर आणि लता मंगेशकर यांच्या आवाजातली, म्हणजे चित्रपटातलीच आहे.

तमाशापटांचा सर्वांत गाजलेला नमुना म्हणजे अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (1959). पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात तो अडीच वर्षांच्या आसपास चालला. वसंत पवार यांच्या चाली आणि आशा भोसले यांचा आवाज यांमुळे लावणी मध्यमवर्गाच्या घरात रेडिओवाटे शिरली. याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. संगीतबारीतली, म्हणजे बैठकीत गाणे-नृत्य सादर करणाऱ्या तमाशाच्या प्रकारातली, बैठकीची लावणी बसून, एकेक ओळ पुन्हापुन्हा घोळवत, दर वेळी निराळ्या अदाकारीने खुलवली जाते. एक ओळ दहा मिनिटेही चालते. चित्रपटाला तीन-चार मिनिटांत काम उरकायचे असल्याने त्याने द्रुत लय, ढोलकीचा कडकडाट आणि समूहनृत्य उचलले आणि तीच लावणी अशी समजूत रुजली. वाईच्या यमुनाबाई वाईकर यांच्यासारख्या कलावंतिणींनी बैठकीची गायकी आयुष्यभर सांभाळली, 2012 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण त्या गायकीला मुख्य प्रवाहातल्या मराठी चित्रपटाने पुरेसा वेळ कधी दिला नाही. ही या चित्रपटांची मोठी उणीव आहे.

पुढे रवी जाधव यांच्या ‘नटरंग’ने (2010) आनंद यादव यांच्या कादंबरीच्या आधारे फडातल्या नाच्याची व्यथा मांडली. पहिलवानी अंगाचा गुणा कलेसाठी बायकी हावभाव स्वीकारतो आणि त्यापायी गावात, घरात मान गमावतो. राजीव पाटील यांचा ‘जोगवा’ (2009) यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगते-जोगतिणींचा आहे. तिथे चौंडके हे वाद्य आणि देवीची गाणी हा वारसा हौसेने घेतलेला नाही, तो अंगावर लादलेला आहे. सांगीतिक वारसा म्हटला की आपण अभिमानाचा सूर लावतो. या चित्रपटाने वारशाचे ओझे दाखवले. अजय-अतुल यांना त्याच्या संगीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नाट्यसंगीताकडे चित्रपट उशिरा वळला. ‘बालगंधर्व’ (2011) मध्ये नारायणराव राजहंस म्हणजेच गायकनट बालगंधर्व यांची भूमिका सुबोध भावे यांनी केली आणि गळा आनंद भाटे यांचा होता. भाटे बालवयातच ‘आनंद गंधर्व’ म्हणून ओळखले जात होते आणि पुढे ते पंडित भीमसेन जोशी यांचे शिष्य झाले. त्यानंतर भावे यांनीच दिग्दर्शित केलेला ‘कट्यार काळजात घुसली’ (2015) आला. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे मूळ नाटक 1967 चे, संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. नाटकाचा गाभा घराण्याच्या राखीव विद्येत आहे. खाँसाहेब आपली गायकी बाहेरच्याला द्यायला तयार नाहीत आणि गाणे शिकायला आलेला सदाशिव ती मिळवल्याशिवाय राहणार नाही. नाटकात ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन चालींत येते आणि दोन घराण्यांतला फरक श्रोत्याला कोणी समजावून न सांगता ऐकू येतो.

चित्रपटात ही वंशावळ पडद्यामागेही चालू राहिली. खाँसाहेबांसाठी वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे गायले आणि सदाशिवसाठी अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे. ‘अरुणी किरणी’साठी काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काळे कॅलिफोर्नियात राहून तिथल्या मराठी आणि अमराठी मुलांना गाणे शिकवतात. नाटकात ज्या विद्येला पहारा आहे, तीच विद्या समुद्रापलीकडे मुक्त हस्ताने दिली जाते, एवढा बदल पन्नास वर्षांत झाला. या चित्रपटाची नवी गाणी शंकर-एहसान-लॉय यांची आहेत. ती नाटकातल्या पदांच्या मानाने अधिक सजवलेली वाटतात. तरी तरुण श्रोता त्या वाटेने मूळ पदांकडे गेला हे मान्य करावे लागते.

राहुल देशपांडे यांनी ‘मी वसंतराव’ (2022, दिग्दर्शक निपुण धर्माधिकारी) मध्ये प्रत्यक्ष आजोबांचीच भूमिका केली, गाणी गायली आणि संगीतही दिले. वसंतरावांचा जन्म 1920 सालचा, मूर्तिजापूरचा. आईने एकटीने नागपुरात वाढवलेला हा मुलगा लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे मारवा राग शिकला, पुढे लष्कराच्या हिशेब खात्यात वर्षानुवर्षे नोकरी केली आणि कोणत्याही एका घराण्यात न बसणारी गायकी घडवली. ‘तुमचे घराणे कोणते?’ या प्रश्नाने त्यांना जन्मभर छळले आणि आपले घराणे आपल्यापासूनच सुरू होते, ही त्यांची भूमिका चित्रपटाचा कणा आहे. नातवाने ती पडद्यावर मांडताना त्या म्हणण्याला एक उत्तरही मिळते, कारण घराणे सुरू झाले म्हणूनच तो ती मांडू शकतो. केदार शिंदे यांनी ‘महाराष्ट्र शाहीर’ (2023) हा आपल्या आजोबांवर, शाहीर साबळे यांच्यावर केला. शाहीर अंकुश चौधरी यांनी साकारले आणि त्यांच्या पत्नी भानुमती यांची भूमिका शिंदे यांची कन्या सना हिने. घरच्या माणसाने काढलेल्या चरित्रपटात जिव्हाळा भरपूर असतो, परखडपणा त्या मानाने कमी, आणि हे दोन्ही इथे दिसते.

तो परखडपणा चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ (2020) मध्ये आहे. शरद नेरुळकर हा तरुण गायक अलवर घराण्याची तालीम घेतो आहे. हे घराणे काल्पनिक आहे. गुरूंच्या गुरू असलेल्या माईंनी आपले गाणे कधी ध्वनिमुद्रित होऊ दिले नाही. त्यांच्या व्याख्यानांच्या जुन्या फिती तेवढ्या शरदकडे आहेत. रात्री रिकाम्या मुंबईत मोटारसायकल हाकताना कानात माईंचा आवाज, मागे तंबोरा, आणि साधना, एकटेपण, मन शुद्ध ठेवणे यांविषयीचे ते बोल. हा आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. मग एक ध्वनिमुद्रिका-संग्राहक शरदला भेटतो आणि माईंसकट साऱ्या पूज्य नावांविषयी नको ते सांगू लागतो. शरद हातातल्या पेल्यातले पाणी त्याच्या तोंडावर फेकतो. संग्राहक खरे बोलतो की खोटे, हे चित्रपट सांगत नाही. शिष्याला मिळालेल्या वारशात गाणे किती आणि दंतकथा किती, हा प्रश्न मराठी चित्रपटाने इतक्या थेटपणे पूर्वी विचारला नव्हता. गुरूंच्या भूमिकेतले अरुण द्रविड हे स्वतः मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर यांच्याकडे शिकलेले गायक. शरद झालेले आदित्य मोडक हेही गायकच. त्यामुळे मैफलीत गुरू भर गाण्यात शिष्याला सुधारतात ते प्रसंग कृत्रिम वाटत नाहीत. व्हेनिसला या चित्रपटाला पटकथेचा पुरस्कार मिळाला.

मोगूबाईंचे मूळ गाव गोव्यातले कुर्डी. साळावली धरणाच्या पाण्याखाली ते गेले असून उन्हाळ्यात पाणी उतरले की गावचे लोक तिथे परततात. या परतण्यावर सौम्यानंद साही यांचा ‘रिमेंबरिंग कुर्डी’ (2016) हा माहितीपट आहे. मोगूबाईंच्या कन्या किशोरीताईंवर अमोल पालेकर आणि संध्या गोखले यांनी ‘भिन्न षड्ज’ (2011) केला. गोव्याच्या कलावंत समाजातल्या स्त्रियांनी हिंदुस्थानी संगीताला इतके दिले, तरी त्यांच्या घरांची, देवळांशी बांधलेल्या त्यांच्या आयुष्यांची कथा अजून मोठ्या पडद्याची वाट पाहते आहे. गोव्याच्या दुसऱ्या संगीतधारेला मात्र तिचा चित्रपट लाभला. बार्डरॉय बार्रेटो यांचा कोंकणी ‘नाचूंया कुंपासार’ मुंबईच्या जॅझ क्लबांत आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत राबलेल्या गोमंतकीय वादकांचा आहे. कथा संगीतकार ख्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या आयुष्यावर बेतलेली आहे आणि त्या काळची कोंकणी गाणी त्यात नव्याने वाजवलेली आहेत. ज्यांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच आली, त्यांच्या वतीने हा चित्रपट बोलतो.

नावांच्या या हिशेबात आंबेडकरी जलशाची आणि भीमगीतांची परंपरा सर्वांत उशिरा आली. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) चौदा वर्षे चित्रित होत होता. घाटकोपरच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत 11 जुलै 1997 रोजी पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांत लोकशाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धनांच्या आधीच्या माहितीपटात घोगरे गायले होते. त्या ओळखीतूनच हे काम सुरू झाले. वस्तीतल्या गायक बायका, जयंतीच्या रात्रीचे गायनाचे कार्यक्रम, कबीर कला मंच या सांस्कृतिक गटाची तरुण मुले, अशा कितीतरी गळ्यांची नोंद या एका माहितीपटात आहे. ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्ये (2014) याच परंपरेतला शाहीर नारायण कांबळे आपल्या गाण्याबद्दल आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो. भूमिका कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली आणि गाणी लिहिली लोकशाहीर संभाजी भगत यांनी. फिर्यादी पक्ष गाण्याचे शब्द कोरड्या आवाजात पुरावा म्हणून वाचतो. ताल आणि वस्ती वजा केली की त्या शब्दांचे काय होते, हे त्या कोर्टखोलीत कळते.