कामगार संघटना

पगार, कामाचे तास, सुरक्षितता आणि नोकरीची शाश्वती यांसाठी कामगारांनी एकत्र येऊन स्वतःच्या वर्गणीवर चालवलेली संस्था. बोलण्यात तिला युनियन म्हणतात. एकटा कामगार पगारवाढ मागायला गेला, तर त्याच्या जागी दुसरा माणूस मिळतो. सगळे मिळून गेले, तर तेवढी माणसे मिळत नाहीत. संघटनेचे सारे बळ या साध्या हिशेबात आहे.

हे बळ राज्यकर्त्यांनी फार लवकर ओळखले. ब्रिटनमध्ये १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी पगारवाढीसाठी एकजूट करणे हाच गुन्हा ठरवला. ते कायदे १८२४ मध्ये रद्द झाले. तरीही १८३४ मध्ये टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटना स्थापताना केलेल्या बेकायदा शपथविधीच्या आरोपावरून सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लोक खवळून उठले, तेव्हा दोन वर्षांनी त्यांना माफी मिळाली. संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याला आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४८ मध्ये ८७ व्या कराराने संरक्षण दिले.

संप बातम्यांत येतो, पण युनियनचे रोजचे काम दिसत नाही, आणि खरे मोल तिथेच आहे. कामगाराला कारणे दाखवा नोटीस आली, की चौकशीला त्याच्या बाजूने बसणारे कोणीतरी असते. मशीनचे संरक्षक झाकण तुटले आहे हे सांगणाऱ्याला नोकरीची भीती राहत नाही. साहेबाच्या मर्जीऐवजी लेखी नियम येतो. युनियनने मालकाशी केलेल्या कराराचा लाभ बहुधा वर्गणी न देणाऱ्यांनाही मिळतो. हे न्याय्य असले तरी संघटनेला आतून पोखरते.

अमेरिकेत १९५० च्या दशकात सुमारे एक तृतीयांश कामगार सभासद होते; २०२४ मध्ये दहा टक्केही नव्हते. ब्रिटनमध्ये १९७९ साली सभासदसंख्या १.३ कोटींच्या आसपास होती, आज ती साधारण निम्मी आहे. मोठे कारखाने बंद पडले किंवा परदेशी गेले, कायम कामगारांच्या जागी कंत्राटी आले. सरकारेही कठोर झाली: १९८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी ११,००० हून अधिक संपकरी हवाई वाहतूक नियंत्रकांना एका झटक्यात बडतर्फ केले आणि खासगी मालकांना धडा मिळाला. काही नेत्यांची मनमानी आणि स्त्रिया व स्थलांतरित यांच्याकडे झालेले दुर्लक्ष हे दोष संघटनांचे स्वतःचे.

मात्र ही घसरण अटळ नव्हती. फ्रान्समध्ये सभासद थोडे असूनही कायद्यामुळे सामूहिक करार बहुतेक कामगारांना लागू होतात. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये बेकारी विमा संघटनांशी जोडलेला असल्याने सभासदत्व आजही मोठे आहे.

ॲपवर काम करणाऱ्यांपुढे प्रश्न आणखी मुळाशी जातो, कारण त्यांना बऱ्याचदा कामगारच मानले जात नाही. २०२३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या डिलिव्हरू कंपनीच्या डिलिव्हरी कामगारांना, कंपनीला सामूहिक वाटाघाटी करायला भाग पाडण्याचा हक्क नाकारला. त्यामागचे एक मुख्य कारण म्हणजे, ते आपल्या जागी दुसऱ्या कोणालाही कामावर पाठवू शकतात.