जर्मनीतील व्हिडिओ गेमचे वयोवर्गीकरण आणि सेन्सॉरशिप

कोणता व्हिडिओ गेम कोणत्या वयाच्या मुलाला विकायचा हे ठरवणारी आणि काही गेमच्या विक्रीला वेसण घालणारी जर्मनीतील कायदेशीर व्यवस्था. लोकशाही देशांतल्या अशा व्यवस्थांमध्ये ती दीर्घकाळ सर्वांत कडक मानली गेली. तिचे तीन पदर आहेत : खोक्यावरचा वयाचा शिक्का, बालकांना घातक ठरलेल्या साहित्याची यादी, म्हणजेच ‘इंडेक्स’, आणि फौजदारी कायदा.

इंडेक्स गेमपेक्षा जुना आहे. तो सांभाळणारे केंद्रीय परीक्षण कार्यालय 1954 मध्ये स्थापन झाले, तेव्हा डोळ्यांसमोर पुस्तके आणि मासिके होती. इंडेक्सवर गेलेली वस्तू प्रौढांना घेता येते. पण तिची जाहिरात करता येत नाही आणि मुलांच्या नजरेला पडेल अशी मांडताही येत नाही. दुकानदाराकडे नाव घेऊन मागावी लागते. धंद्याच्या दृष्टीने ही जवळजवळ बंदीच.

या यादीत सर्वांत आधी गेलेल्या गेमपैकी एक म्हणजे कॅरल शॉ यांनी घडवलेला ‘रिव्हर रेड’. नदीवरून विमान न्यायचे, बोटी, हेलिकॉप्टर आणि पूल उडवायचे, मध्येच इंधन भरून घ्यायचे, एवढाच खेळ. पडद्यावर माणूस म्हणून ओळखता येईल असे काही दिसतही नाही. तरी 1984 मध्ये त्याला निमलष्करी प्रशिक्षण ठरवण्यात आले. खेळणाऱ्या मुलांचे अंग आखडते, चिडचिड होते, डोके दुखते, असेही निर्णयात नोंदवले होते. 2002 मध्ये तो यादीतून उतरला.

इंडेक्स टाळण्यासाठी कंपन्यांनी स्वतःच कात्री हाती घेतली आणि ‘जर्मन आवृत्ती’ नावाचा प्रकार जन्माला आला. 1995 च्या ‘कमांड अँड कॉन्कर’मध्ये सैनिकांचे यंत्रमानव झाले आणि रक्ताच्या जागी काळे तेल सांडू लागले. 1998 च्या ‘हाफ-लाइफ’मध्येही सैनिक यंत्रमानव झाले. त्यातल्या शास्त्रज्ञावर गोळी झाडली तर तो मरत नसे; खाली बसून मान हलवत राही. मुलांना मृत्यू दिसू नये हा हेतू प्रामाणिक होता, याबद्दल शंका नाही. पण गोळी तशीच सुटत होती, नाहीसा झाला तो फक्त तिचा परिणाम. या पद्धतीतला हा सर्वांत मोठा दोष होय.

वयाचे शिक्के देणारी यूएसके ही बर्लिनमधील संस्था 1994 पासून काम करते. सुरुवातीला तिचे शिक्के केवळ शिफारशीचे होते. 26 एप्रिल 2002 रोजी एरफुर्ट शहरातील शाळेत एका माजी विद्यार्थ्याने 16 जणांना ठार मारून आत्महत्या केली. तो खेळत असलेल्या गेमवरून देशभर वादळ उठले आणि ‘किलरश्पीले’, म्हणजे खुनी खेळ, हा शब्द राजकारण्यांच्या तोंडी रुळला. याच वातावरणात, मे 2002 मध्ये, परीक्षण कार्यालयाने ‘काउंटर-स्ट्राइक’ या गोळीबाराच्या गेमला इंडेक्सवर टाकण्यास नकार दिला. लोकक्षोभाच्या ऐन भरात असा निर्णय द्यायला धैर्य लागते.

1 एप्रिल 2003 पासून नव्या बालसंरक्षण कायद्याने शिक्के बंधनकारक झाले. 0, 6, 12, 16 आणि 18 असे पाच वयोगट आहेत. यूएसकेचे परीक्षक गेम खेळून पाहतात आणि तो तज्ज्ञांच्या समितीपुढे मांडतात. समितीत राज्यांचा प्रतिनिधीही बसतो. एकदा शिक्का मिळाला की तो गेम इंडेक्सवर टाकता येत नाही. नियम मोडून विक्री केल्यास 50,000 युरोपर्यंत दंड होऊ शकतो. 2008 मध्ये शिक्क्याचा आकारही ठरवण्यात आला : खोक्याच्या दर्शनी बाजूला, खाली डावीकडे, किमान 1,200 चौरस मिलिमीटर. लाल चौकटीतला 18 आकडा आजीलाही दुकानात लांबून दिसावा, हा त्यामागचा साधा आणि शहाणा विचार.

फौजदारी कायद्याचे कलम 131 हिंसेच्या उदात्तीकरणाविरुद्ध आहे, तर 86अ नाझी चिन्हांविरुद्ध. त्यांतले मुख्य चिन्ह म्हणजे ‘हाकेनक्रॉइत्स’. आपल्या उंबरठ्यावर रांगोळीने काढतात त्या स्वस्तिकाशी त्याचा अर्थाने काही संबंध नाही. चित्रपटांना कला म्हणून मिळणारी सवलत गेमना मिळत नसे. त्यामुळे 1992 चा ‘वोल्फेनस्टाइन 3डी’ 1994 मध्ये जप्त झाला. त्यात नायक नाझींच्या किल्ल्यातून लढत सुटतो, तरीही चिन्हे आहेत म्हणून जप्ती! 2017 च्या ‘वोल्फेनस्टाइन 2’च्या जर्मन आवृत्तीत तर हिटलरची मिशी काढली गेली आणि त्याचे नाव ‘हायलर’ झाले. ज्या देशाने आपला गुन्हा मुलांना शाळेत न लपवता शिकवला, त्याच देशात खेळातला गुन्हेगार ओळखू येईनासा करावा, ही इतिहासाची हानीच होती.

ऑगस्ट 2018 मध्ये यूएसकेने भूमिका बदलली. चिन्हांचा वापर कला किंवा इतिहासकथन यांसाठी आहे का, हे आता प्रत्येक गेममागे तपासले जाते. या सवलतीचा पहिला लाभ ‘थ्रू द डार्केस्ट ऑफ टाइम्स’ला झाला. बर्लिनमधल्या एका लहान प्रतिकारगटाची ही कथा. तिच्यात खेळाडू पत्रके वाटतो, निधी जमवतो आणि पकडले जाण्याच्या भीतीत दिवस काढतो. ‘वोल्फेनस्टाइन 3डी’वरील बंदीही 2019 मध्ये उठली.

मे 2021 मध्ये सुधारित कायदा लागू झाला आणि लक्ष रक्तपातापलीकडे वळले. अनोळखी लोकांशी गप्पा, खेळता खेळता होणारी खरेदी आणि आत काय निघेल हे न सांगता विकल्या जाणाऱ्या पेट्या यांचाही विचार शिक्का देताना होऊ लागला. 2023 मध्ये ‘ईए स्पोर्ट्स एफसी 24’ या फुटबॉलच्या गेमला 12 चा शिक्का मिळाला. या मालिकेला पूर्वी 0 मिळत असे.