पाटीवरची क्षमता आणि हाती येणारी क्षमता: स्वतः बांधलेली कॅम्पर व्हॅन विकताना

मी स्वतः बांधलेली पहिली कॅम्पर व्हॅन विकायला काढली, तेव्हा जाहिरातीत एक ओळ ठळक लिहिली होती: '४०० वॅट सोलर, २०० एएच बॅटरी, २००० वॅट इन्व्हर्टर, पूर्ण ऑफ-ग्रिड', म्हणजे बाहेरच्या वीजजोडणीशिवाय चालणारी. गाडी बघायला आलेल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तीन दिवस सूर्य दिसलाच नाही, तर फ्रिज चालू राहील का?" मला उत्तर देता आलं नाही. दीड वर्ष त्या गाडीत राहिलो होतो, प्रत्येक वायर माझ्या हाताने ओढलेली होती. तरी त्यांना जे हवं होतं ते माझ्या त्या ओळीत कुठेच नव्हतं.

घोटाळा दोन गोष्टी एकच समजण्यात होता. एक म्हणजे पाटीवरची क्षमता: बॅटरीवर, पॅनलच्या पाठीवर, इन्व्हर्टरच्या खोक्यावर छापलेला आकडा. दुसरी म्हणजे हाती येणारी क्षमता: तीच वस्तू या गाडीत, या वायरिंगवर, रोजच्या वापरात प्रत्यक्ष किती देते तो आकडा. बांधणारा माणूस पहिल्या आकड्यांत विचार करतो, कारण त्याने वस्तू त्या आकड्यांवर विकत घेतलेल्या असतात. घेणाऱ्याला मात्र पुढे दुसऱ्या आकड्यावर राहायचं असतं. हा फरक सगळ्यात जास्त बॅटरीत दडलेला असतो, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

एएच म्हणजे अँपिअर-अवर, आणि नुसत्या एएचवरून ऊर्जा कळत नाही. त्याला व्होल्टने गुणलं की वॅट-अवर मिळतात. विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-अवर, हे डोक्यात ठेवलं की अंदाज येतो. माझ्या गाडीत १०० एएचच्या दोन एजीएम, म्हणजे लेड-ॲसिड जातीच्याच, बॅटऱ्या होत्या. २०० गुणिले १२, म्हणजे २४०० वॅट-अवर, जवळपास अडीच युनिट. ही झाली पाटी. पण लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याच्या खाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून शहाणा माणूस ५० टक्क्यांवर थांबतो. हाती उरले १२०० वॅट-अवर. आता शेजारच्या जाहिरातीतली गाडी बघा: १०० एएचची एकच लिथियम बॅटरी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. तिचा नाममात्र व्होल्टेज १२.८, म्हणून पाटीवर १२८० वॅट-अवर, आणि त्यातले ९० टक्के बिनघोर वापरता येतात. हाती ११५०. एका जाहिरातीत २०० आणि दुसरीत १००, पण दोन्ही गाड्यांत वीज जवळजवळ सारखीच. शिवाय एजीएमची जोडी ५५-६० किलोंची आणि लिथियमची एक १२ किलोंच्या आसपास.

लेड-ॲसिडच्या पाटीत आणखी एक अट लपलेली असते. १०० एएच हा आकडा बहुतेक वेळा वीस तासांच्या हिशोबाने दिलेला असतो: ५ अँपिअर दराने वीस तास. हाच दर वाढवला तर बॅटरी आकड्यापेक्षा कमी देते. विल्हेल्म पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली याचं सूत्र मांडलं, आणि ते आजही लागू आहे. ५० अँपिअरने ओढलं तर कागदोपत्री दोन तास चालायला हवेत, प्रत्यक्षात सव्वा ते दीड तासातच तिचा दम संपतो. लिथियममध्ये हा परिणाम इतका थोडा असतो की हिशोबात धरला नाही तरी चालतं. पण तिची वेगळी अट आहे. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली ती चार्ज करायची नसते, कारण आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि सेल कायमचा बिघडतो. चांगल्या बीएमएसमध्ये, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवून गरज पडली की ती तोडणाऱ्या सर्किटमध्ये, थंडीत चार्जिंग तोडायची सोय असते. तुमच्या बीएमएसमध्ये ती नसेल, तर घेणाऱ्याला हे तोंडी आणि लेखी, दोन्ही सांगितलंच पाहिजे. थंड प्रदेशात राहणाऱ्या माणसाची अख्खी बॅटरी एका सकाळीत जाऊ शकते.

बॅटरी जुनी असेल तर पाटी आणखी निरुपयोगी. हाती येणारा आकडा मोजावाच लागतो, आणि तो मोजता येतो. पूर्ण चार्ज करा, सोलर आणि चार्जर दोन्ही तोडा, ठरावीक भार लावा आणि शंटवर, म्हणजे बॅटरीतून येणारा-जाणारा करंट मोजणाऱ्या मीटरवर, किती एएच बाहेर गेले ते वाचा. १२ व्होल्टची लेड-ॲसिड भाराखाली १०.५ व्होल्टवर आली की चाचणी संपवायची आणि लगेच परत चार्ज करायची. लिथियम असेल तर बीएमएस तोडेपर्यंत. नुसता व्होल्टमीटर दाखवून 'बॅटरी फुल्ल आहे' म्हणणं लेड-ॲसिडला थोडंफार चालतं, विश्रांतीत १२.७ म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे साधारण निम्मी. लिथियमचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ हलतच नाही, त्यामुळे तिथे व्होल्टमीटरवरून काहीच ठरवू नये. ज्याच्या गाडीत शंट नाही त्याने विकण्याआधी तो बसवावा असं माझं ठाम मत आहे. सोफ्याची कव्हरं बदलण्यापेक्षा तो खर्च जास्त उपयोगी पडतो.

सोलरची पाटी प्रयोगशाळेतली असते. ४०० वॅट म्हणजे चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश असतानाचे ४०० वॅट. छपरावर भर दुपारी सेल ६० अंशांच्या पुढे तापतात, आणि सिलिकॉन पॅनल दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के गमावतं. म्हणजे ऊन जेव्हा सगळ्यात कडक, तेव्हाच १२-१५ टक्के कमी. त्यात पॅनल छपराला सपाट चिकटलेलं, सूर्याकडे कललेलं नाही. धूळ, वायर आणि पंख्याच्या झाकणाची सावलीही आहेच. मी दिवसाचा हिशोब करताना पाटीवरच्या आकड्याला ०.७ ने गुणतो आणि मग पूर्ण उन्हाच्या समतुल्य तासांनी. स्वच्छ दिवशी पाच तास धरले तर ४०० गुणिले ०.७ गुणिले ५, म्हणजे १४०० वॅट-अवर. झाकोळलेल्या दिवशी एकच तास धरावा: २८०. पॅनल तेच, जागा तीच, आणि उत्पन्न पाचपटीने वेगळं. म्हणून 'रोज इतके युनिट' असं लिहिताना ऋतू आणि आभाळ त्याच वाक्यात यायला हवं.

कंट्रोलरनेही, म्हणजे पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसून चार्जिंग सांभाळणाऱ्या खोक्यानेही, फरक पडतो. १०० वॅटचं साधं पॅनल १८ व्होल्टला साडेपाच अँपिअर देतं. पीडब्ल्यूएम या साध्या प्रकारचा कंट्रोलर त्याला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो, मग १३ गुणिले ५.५, म्हणजे जेमतेम ७२ वॅट. एमपीपीटी हा दुसरा प्रकार पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालवून उरलेले बरेचसे वाचवतो. जाहिरातीत 'सोलर कंट्रोलरसह' एवढंच लिहिलं तर घेणारा या दोहोंत फरक करू शकत नाही.

एक मात्र उलट्या बाजूने सांगतो, कारण इथे विकणाऱ्याचं नुकसान होतं. कंट्रोलरच्या नोंदीत 'आज ६०० वॅट-अवर' दिसलं म्हणून पॅनल कमजोर ठरत नाही. बॅटरी सकाळी अकराला भरली की कंट्रोलर पॅनलकडून घेणंच कमी करतो. नोंद दिसते ती गाडीने घेतलेल्या विजेची, पॅनल देऊ शकत होतं त्या विजेची नव्हे. घेणाऱ्याला खरी ताकद दाखवायची असेल तर आदल्या रात्री बॅटरी उतरवून ठेवा आणि मग दिवसभराची नोंद दाखवा.

इन्व्हर्टरचा २००० वॅटचा आकडा सलग पेलण्याचा आहे की क्षणभराच्या झटक्याचा, हे आधी खोक्यावर बघा. सलग असला तरी १२ व्होल्टवर २००० वॅट म्हणजे १६७ अँपिअर, आणि इन्व्हर्टरची स्वतःची तूट धरून १८५ च्या घरात. बॅटरीचा बीएमएस १०० अँपिअरचा असेल तर त्यातून १२८० वॅटच बाहेर येतात. त्यापुढे गेलं की तो सगळंच बंद करतो. अशा गाडीला '२००० वॅट' म्हणून विकू नये. साखळीतला सगळ्यात अरुंद दुवा तीच गाडीची क्षमता. माझ्या एजीएमच्या जोडीने १८५ अँपिअर दिले असते, पण वर सांगितलेल्या पॉयकर्टच्या नियमाने फार काळ नाही. इंडक्शनवर अर्धा तास १८०० वॅटने स्वयंपाक केला की ९०० वॅट-अवर भांड्यात, आणि बॅटरीतून हजारावर. हाती येणाऱ्या बाराशेंपैकी उरलं काय? शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी १०-२० वॅट खातो. १५ धरले तर चोवीस तासांत ३६० वॅट-अवर, काहीही न चालवता.

आता त्या बाईंच्या प्रश्नाचा हिशोब करू. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज साधारण हवेत दिवसाला ५०० वॅट-अवर, दिवे ६०, मोबाइल ३०, पाण्याचा पंप २०. एकूण ६१०, तीन दिवसांचे १८३०. बॅटरीतून १२००. झाकोळलेल्या तीन दिवसांत सोलर २८० च्या हिशोबाने ८४०, पण लेड-ॲसिड चार्ज होताना वाया जाणारी वीज वजा केली की ६७० च्या आसपास. बेरीज १८७०. म्हणजे उत्तर होतं: "हो, जेमतेम. लॅपटॉप, पंखा आणि इन्व्हर्टर बंद ठेवून. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅटरी निम्म्यावर असेल." एवढं सांगितलं असतं तर त्यांना गाडी आपल्या कामाची आहे का ते तिथेच ठरवता आलं असतं. आणि एक गोष्ट मी जाहिरातीत लिहिलीच नव्हती: चालू इंजिनवरून चार्ज करणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. तो ४०० वॅटच्या आसपास देतो. पावसात दोन तास गाडी चालवली तर बॅटरी बरीच उतरलेली असताना ८०० वॅट-अवरपर्यंत मिळतात, म्हणजे झाकोळलेल्या तीन दिवसांच्या सोलरइतके. ऑफ-ग्रिड म्हटलं की सगळे छपराकडे बघतात, आणि ढगाळ हवेत सगळ्यात भरवशाचा हा स्रोत जाहिरातीतून गळतो.

विजेपलीकडेही हाच घोळ आहे. ताज्या पाण्याची टाकी १०० लिटर आणि सांडपाण्याची ४० लिटर असेल, तर भांडी आणि अंघोळ यांच्या बाबतीत गाडी ४० लिटरची आहे. 'चौघे झोपतात' म्हणजे चौघे प्रवास करू शकतात असं नाही. पट्टा असलेल्या, नोंदणीत दाखवलेल्या बसायच्या जागा किती ते वेगळं लिहा. आणि वजन! समजा उत्पादकाच्या पाटीवर एकूण वजनाची मर्यादा ३५०० किलो आहे आणि रिकाम्या टाक्यांसह तुमची बांधलेली गाडी वजनकाट्यावर ३१५० भरली. उरले ३५०. दोन माणसं १५०, भरलेलं पाणी १००, आणि कपडे, अन्न, भांडी, सायकली या सगळ्यांना मिळून १००. प्लायवूड आणि फर्निचर आपण एकेक करून चढवलेलं असतं, त्यामुळे बांधणाऱ्याला या वजनाचा अंदाज कधीच नसतो. काट्याची पावती जाहिरातीच्या फोटोंत लावा. मला ती कुठल्याही सजावटीच्या फोटोपेक्षा मोलाची वाटते.

किंमत ठरवताना हीच गफलत पैशांत उतरते. आपण बिलांची बेरीज करतो, म्हणजे पुन्हा पाटीवरचे आकडे. २००० वॅटचा इन्व्हर्टर महाग पडला हे खरं, पण बॅटरी त्याला निम्मीच ताकद देत असेल तर घेणारा निम्म्याचेच पैसे देईल, आणि त्यात त्याची चूक नाही. उलट जाड वायर, योग्य जागी बसवलेले फ्यूज, प्रत्येक सर्किटवर लेबल आणि हाताने काढलेला का होईना पण खरा वायरिंगचा नकाशा, यांची बिलं लहान असतात. पण हाती येणारी क्षमता त्यांच्यावरच टिकून असते, आणि नव्या मालकाला बिघाड शोधता येतो. तो नकाशा काढण्यात माझा अख्खा रविवार गेला होता, आणि पुढच्या गाडीच्या वेळी सगळ्यात जास्त प्रश्न त्यानेच मिटवले.

त्या पुढच्या जाहिरातीत मी वस्तूंची यादी खाली नेली आणि वर हे लिहिलं: 'पूर्ण बॅटरीतून ११०० वॅट-अवर मिळतात, गेल्या महिन्यात मोजलेले. सोलरवर स्वच्छ उन्हाळी दिवशी सुमारे १४००, ढगाळ दिवशी ३०० पेक्षा कमी. फ्रिज, दिवे, पंप आणि मोबाइल एवढंच चालवलं तर बॅटरीवर पावणेदोन दिवस, ऊन अजिबात नसताना. इंडक्शन चालत नाही, स्वयंपाक गॅसवर. सामानासाठी शिल्लक वजन १०० किलो.' फोन कमी आले. पण जे आले त्यांना फ्रिजबद्दल विचारावंच लागलं नाही.

शक्य असेल तर घेणाऱ्याला एक रात्र गाडीत राहू द्या. सोलरची वायर काढून ठेवा, शंटवरचा संध्याकाळचा आकडा त्याच्याच हाताने कागदावर लिहून घ्या आणि सकाळी त्यालाच पुन्हा वाचायला सांगा. फ्रिज आदल्या दिवशीच थंड करून आत सामान भरून ठेवा. गरम, रिकामा फ्रिज थंड होताना नेहमीपेक्षा बराच जास्त ओढतो, आणि मग ती एक रात्र गाडीबद्दल चुकीचा आकडा सांगून जाते.