आईची झोप आणि फळ्यावरची भरती

जून लागला की आमच्या आईची झोप उडते. रात्री पावसाने जोर धरला की ती उठते, पडदा सरकवते आणि समोरच्या दिव्याच्या खांबाकडे बघत उभी राहते. त्या खांबावर पोस्टर चिकटवल्याचा जुना डाग आहे, पाणी तिथपर्यंत आलं की पूर्वी आमच्या चाळीच्या उंबऱ्यातून आत यायचं. आता चाळ नाही, आम्ही कळव्यातच तिसऱ्या मजल्यावर राहतो, पाणी इथपर्यंत येणार नाही हे तिलाही कळतं, तरी रेशनकार्ड, बाबांची पेन्शनची कागदं, माझ्या मार्कशीट असं सगळं पिशवीत घालून, दोन गाठी मारून दरवर्षी माळ्यावर जातंच.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्यात दुपारी मोठी भरती होती, म्हणजे वरून पाणी कोसळतंय आणि खाडी ते घ्यायला तयार नाही. आमच्या खोलीत कमरेएवढं पाणी होतं आणि ती रात्र आम्ही माळ्यावर बसून काढली. आईच्या डोक्यात ती रात्र अजून संपलेलीच नाही.

बरीच वर्षं मला वाटायचं की आईने हे आता सोडून द्यावं. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की चूक माझी होती. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग असतो, धोका दिसला की तो गजर वाजवतो, अ‍ॅड्रेनलिन हे ताणाचं हार्मोन सुटतं, पाठोपाठ कॉर्टिसॉल हे दुसरं, छाती धडधडते, झोप पळते. ही व्यवस्था थोड्या वेळाच्या संकटासाठी आहे, साप दिसला, पळालो, वाचलो, गजर बंद. हवामान बदलाचं तसं नाही ना, तो धोका कधी संपला असं कोणी येऊन सांगतच नाही, एप्रिलमध्ये उन्हाचा अलर्ट, जूनपासून पावसाचा, मध्ये कुठेतरी दरड, आणि हातातल्या मोबाईलवर जगभरचे पूर आणि वणवे. गजर चालूच राहतो आणि माणूस आतून थकत जातो.

आणि हे फक्त पूर बघितलेल्या माणसांचं नाही. २०२१ मध्ये भारत धरून दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार मुलामुलींचा सर्व्हे झाला होता, त्यात ५९ टक्के जणांनी हवामान बदलाची खूप किंवा प्रचंड काळजी वाटते असं सांगितलं, आणि ४५ टक्के म्हणाले की या भावनांचा रोजच्या जगण्यावर वाईट परिणाम होतो. या काळजीला आजार म्हणायचं नाही हे मला ठामपणे सांगायचंय, धोका खरा आहे तर भीती वाटणारच. पण आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कशातच जीव रमत नसेल तर एकट्याने सोसत बसू नका, सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६, फोन लावा, मराठीत बोलता येतं.

दुःखाचा अजून एक प्रकार आहे. ग्लेन अल्ब्रेक्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने हंटर व्हॅलीतल्या लोकांशी बोलून त्याला सोलास्टाल्जिया हे नाव दिलं. तिथे उघड्या कोळसा खाणींनी आजूबाजूचा सगळा मुलूखच बदलून टाकला होता, लोक आपल्याच घरात राहत होते आणि तरी घर गमावल्यासारखं दुःख करत होते. आपल्याकडे बायका म्हणतात ना, माहेर आहे पण माहेरपण गेलं, अगदी तेच. बेलापूरजवळ दिवाळे गावात एक म्हातारे कोळी काका भेटले होते, जिताडा, निवट्या, चिंबोऱ्या या खाडीतल्या मासे-खेकड्यांबद्दल बराच वेळ बोलत होते आणि मग जाळ्याचा एक धागा बोटाला गुंडाळत एवढंच म्हणाले, "खाडी तीच हाय, पन वलखीची नाय रायली."

मग करायचं काय? मला याचं उत्तर उंदरांवरच्या एका प्रयोगात सापडलं. १९७० च्या आसपास अमेरिकेत जे वाइस नावाच्या संशोधकाने काही उंदरांना विजेचे झटके दिले (वाचताना वाईट वाटतं, पण प्रयोग तसा होता). काहींना झटक्याआधी आवाज ऐकू यायचा, काहींना कसलीच सूचना नाही, झटके दोघांना सारखेच. सूचना मिळणाऱ्या उंदरांच्या पोटात अल्सर बरेच कमी झाले. कारण आवाज येणार म्हणजे झटका येणार हे कळलं की आवाज नाही तोपर्यंत निवांत बसता येतं. ज्याला काहीच कळत नाही त्याला सारखंच सावध राहावं लागतं. म्हणजे धोका कधी आहे हे कळण्याइतकंच तो कधी नाही हे कळणं महत्त्वाचं.

हे वाचलं आणि मला आईचा खांब आठवला. तिला सूचना देणारा तो एकच खांब होता, आणि तोही पाणी आल्यावरच सांगणार.

कोळ्यांचा एक जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा. भरती रोज साधारण पाऊण-एक तास पुढे सरकते म्हणून हे जमतं, हिशोब ढोबळ आहे आणि खाडीत आत आमच्याकडे पाणी जरा उशिरा चढतं, पण आईला कालनिर्णय आणि बोटं एवढ्यावर ते येतं. काही वर्षांपूर्वी सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, खाली लिफ्टजवळ फळा लावूया, त्यावर पावसाळ्यात रोज भरती-ओहोटीची वेळ लिहायची. काम आईकडे आलं. ती आधी बोटांवर काढते, मग पेपरातल्या वेळेशी ताडून बघते, मग खडूने लिहिते, आणि ओहोटी नेहमी मोठ्या अक्षरात.

फळ्याशेजारी आता एक वहीपण टांगलेली असते. तळमजल्यावर कोण राहतं, सत्तरीच्या वरचं एकटं कोण आहे, इन्सुलिन कोणाच्या फ्रिजमध्ये आहे, गच्चीची चावी कोणाकडे. वही आधी पुरासाठीच केली होती. पण १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ माणसं गेली, तापमान ३८ च्या आसपास होतं, विदर्भात लोक म्हणतील त्यात काय एवढं. पण आपल्या किनाऱ्यावर हवा ओली असते, घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, म्हणून तर हवामान खातं किनारपट्टीला ३७ पासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं. तेव्हापासून वही एप्रिलमध्येच बाहेर निघते, दुपारी कोणाची बेल वाजवायची ते ठरलेलं असतं.

बेल वाजवल्याने काय होणार असं वाटेल. १९९५ च्या जुलैमध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली तेव्हा ७३९ जादा मृत्यू झाले. एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन वस्त्यांची तुलना केली, दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकटे म्हातारे बरेच, तरी एकीत मृत्यूचं प्रमाण दुसरीच्या दहापट. जिथे माणसं वाचली तिथे रस्ते गजबजलेले होते, दुकानं चालू होती, म्हातारी माणसं खाली उतरायची आणि एखादी दिसली नाही तर कोणीतरी विचारायचं. दुसरीकडे रिकामी घरं, बंद दुकानं आणि कडी लावून आत बसलेली माणसं.

स्वीडनमध्ये मारिया ओयाला या संशोधक बाईंनी बारा वर्षांची मुलं हवामान बदलाच्या काळजीला कशी तोंड देतात याचा अभ्यास केला. फक्त प्रश्न सोडवायच्या मागे लागलेली मुलं काम भरपूर करत होती पण काळजीही त्यांनाच जास्त होती. ज्यांना दुसऱ्यांवर विश्वास होता, आपल्यासारखे अजून खूप जण झटतायत हे दिसत होतं, त्यांना तीच काळजी पेलत होती.

हे सगळं लिहिताना एक भीती वाटते, ती सांगते. लोकांना खंबीर व्हा म्हणायचं आणि नाले तसेच तुंबलेले ठेवायचे, खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांवर भराव टाकायचा, असं व्हायला नको. तिवरांची मुळं लाटांचा जोर मोडतात आणि गाळ धरून ठेवतात, ते काम आमचा फळा करू शकत नाही. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळालाय, त्याची आठवण वॉर्डात अर्ज देताना करून देत राहायची, आम्ही देतो.

गेल्या जुलैत एका रात्री असाच पाऊस कोसळत होता, दोनच्या सुमारास मला जाग आली तर आई खिडकीशी. मी काही बोलणार तेवढ्यात तिनेच विचारलं, "आज दशमी ना गं?" मी म्हटलं हो. तिने अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. "साडेसातला होती भरती. म्हणजे आता ओहोटी. पाणी उतरेल." पडदा सोडला आणि म्हणाली, "तळमजल्यावरच्या काकूंना एक फोन लाव, त्या जाग्याच असतील. त्यांनाही सांग."