कार्ब्युरेटरवर चालणारे टर्बो इंजिन

पेट्रोल इंजिनाचा कार्ब्युरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, कायम ठेवून त्याला टर्बोचार्जर, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, जोडला की हे इंजिन तयार होते. १९६२ पासून १९८०च्या दशकापर्यंत काही मोटार कंपन्यांनी अशी इंजिने थेट कारखान्यातून दिली. पुढे पेट्रोल इंजेक्शन, म्हणजे दाबाखाली पेट्रोल फवारण्याची पद्धत, रूढ झाले आणि ही पद्धत मागे पडली. आज जुन्या स्पोर्ट्स कार जपणारे आणि त्यांची इंजिने स्वतः बांधणारे लोकच मुख्यतः तिच्या वाटेला जातात. टर्बो बसवणे हा यातला सोपा भाग आहे. खरी कसोटी लागते ती दाबाखाली इंजिनाला पेट्रोल नेमके किती मिळते, इथे.

कार्ब्युरेटरचे सारे काम दाबातल्या फरकावर चालते. निमुळत्या गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तिथला दाब उतरतो. फ्लोट चेंबर या कार्ब्युरेटरच्या छोट्या कप्प्यातल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा दाब असतो, म्हणून ते जेट नावाच्या बारीक भोकातून गळ्याकडे खेचले जाते. टर्बोने हवा कोंबायला सुरुवात केली की हा हिशेब बिघडतो. म्हणून कार्ब्युरेटर टर्बोच्या आधी बसवायचा की नंतर, हा पहिला निर्णय असतो.

आधी बसवला तर त्या रचनेला ‘ड्रॉ-थ्रू’ म्हणतात. कार्ब्युरेटरला टर्बोची जाणीवच होत नाही, त्यामुळे जुळणी सोपी जाते. पण पेट्रोल आणि हवेचे मिश्रण टर्बोमधून लांबचा प्रवास करून सिलिंडरपर्यंत येते. थंडीत ते नळ्यांच्या भिंतींवर ओघळते आणि पायाखालच्या पेडलला इंजिन उशिरा दाद देते. थ्रॉटल, म्हणजे पेडलने उघडणारी हवेची झडप, बंद असताना टर्बोच्या हवेकडच्या बाजूला निर्वात तयार होतो आणि बेअरिंगमधले तेल आत ओढले जाते. त्यासाठी तिथे खास कार्बन सील लागते. दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर लावला तर त्यात पेट्रोल साचते आणि बॅकफायर झाल्यास, म्हणजे ज्वाळा उलट आतल्या नळ्यांत आल्यास, ते धोक्याचे ठरते, म्हणून तो या रचनेत सहसा नसतो.

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या दोन्ही गाड्या याच पद्धतीच्या होत्या. १९६२ मध्ये शेव्हरोलेच्या कॉर्व्हेर मॉन्झा स्पायडरने २.४ लिटरच्या सहा सिलिंडरांतून १५० अश्वशक्ती दिली. त्याच वर्षी आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये ३.५ लिटरचे अॅल्युमिनियम व्ही-८ इंजिन होते आणि त्याची ताकद २१५ अश्वशक्ती होती. जेटफायरचे संपीडन गुणोत्तर, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पटींनी दाबले जाते तो आकडा, १०.२५ इतके चढे ठेवले होते. नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा आपोआप होणारा स्फोट, रोखण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडले जाई. कल्पना धाडसी होती, पण ती टाकी भरत राहणे मालकांच्या अंगवळणी पडले नाही. दोन वर्षांत गाडी बंद झाली आणि पुढे अनेक जेटफायरांवरचे टर्बो काढून टाकण्यात आले.

दुसरी पद्धत ‘ब्लो-थ्रू’. यात टर्बोने दाबलेली हवा कार्ब्युरेटरमधून ढकलली जाते. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी हीच पद्धत अधिक चांगली आहे. इंजिन चटकन दाद देते, टर्बोमध्ये पेट्रोल जात नाही आणि इंटरकूलरही लावता येतो. १९८० ची लोटस एस्प्रि टर्बो हे तिचे उत्तम उदाहरण. २१७४ घन सेंमी.चे चार सिलिंडरी इंजिन, गॅरेटचा टी-३ टर्बो, सीलबंद केलेले दोन डेलॉर्टो कार्ब्युरेटर आणि ७.५ संपीडन गुणोत्तर एवढ्या सामग्रीवर लोटसने इंटरकूलरशिवाय २१० अश्वशक्ती मिळवली. १९८१ मध्ये मासेराटीने बायटर्बो आणली. तिच्या दोन लिटर व्ही-६ इंजिनात दोन टर्बो मिळून एकाच वेबर कार्ब्युरेटरला हवा पुरवत.

ब्लो-थ्रूमध्ये कार्ब्युरेटरच्या तोंडाशी असतो तेवढाच दाब फ्लोट चेंबरमध्येही ठेवावा लागतो. फ्लोट चेंबरची श्वासनळी बाहेर उघडी राहिली, तर बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, चढताच पेट्रोल जेटमधून वर येण्याऐवजी मागे रेटले जाते. म्हणून ती नळी टर्बोच्या दाबाशी जोडतात. मग पंपाचा दाबही बूस्टबरोबर चढायला हवा. कार्ब्युरेटरला एरवी ०.२५ बारच्या आसपास दाब पुरतो (एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब). बूस्ट ०.५ बार झाला की पंपाने ०.७५ बार द्यायला हवा, नाहीतर फ्लोट चेंबर रिकामा होऊ लागतो. हे काम बूस्टची नळी जोडलेला रेग्युलेटर, म्हणजे पेट्रोलचा दाब नियंत्रित करणारा भाग, करतो आणि जादा पेट्रोल परतीच्या नळीने टाकीत जाते. पितळेचा पोकळ फ्लोट दाबाखाली चेपू शकतो, म्हणून भरीव फ्लोट घालतात. थ्रॉटलच्या दांड्याला सील नसेल, तर पेट्रोलचा फवारा तापलेल्या इंजिनावर उडतो. आगीचा हा धोका कोणत्याही बांधणाऱ्याने हलक्यात घेऊ नये.

दुसरा शत्रू उष्णता. ३० अंश सेल्सिअसची हवा ०.५ बारने दाबली, तर साधारण कार्यक्षमतेच्या टर्बोतून ती ८५ अंशांच्या पुढे जाऊन बाहेर पडते. त्यात मिश्रणात पेट्रोल कमी पडले तर नॉकिंग सुरू होते आणि बघता बघता पिस्टनच्या माथ्याला भोक पडते. म्हणून संपीडन गुणोत्तर आठच्या आसपास उतरवतात, फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेले मजबूत, पिस्टन घालतात आणि बूस्ट चढताना डिस्ट्रिब्युटरची ठिणगी मागे घेतात, म्हणजे थोडी उशिरा पाडतात. पूर्ण बूस्टवर वजनाने पेट्रोलच्या एका भागाला हवेचे साडेअकरा ते बारा भाग, असे दाट मिश्रण ठेवतात. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर लावून हे प्रमाण पाहता येते. प्लगच्या रंगावरून अंदाज बांधणारे जुने मेकॅनिकही इथे सेन्सरवरच भिस्त ठेवतात आणि ते योग्यच आहे.

टर्बोची चाके मिनिटाला लाखभर फेरे घेतात आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतात. तेल आणणारी नळी बारीक चालते. परतीची नळी मात्र रुंद हवी, सरळ उताराने तेलाच्या पातळीच्या वर संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या तेलपात्रात, उतरणारी हवी. ती अरुंद झाली की तेल तुंबते, सीलमधून गळते आणि धूर येतो. दोष टर्बोला दिला जातो, पण तो नळीचा असतो.

किती बूस्ट पेलेल हे केवळ इंजिनावर ठरत नाही. १९८२ च्या एमजी मेट्रो टर्बोमध्ये एसयू कार्ब्युरेटर आणि टी-३ टर्बो लावलेले १२७५ घन सेंमी.चे ए-सीरिज इंजिन होते. त्याच कुळातले इंजिन एमजी मिजेट या जुन्या स्पोर्ट्स कारमध्येही असल्याने मिजेट बांधणारे आजही मेट्रोचा नमुना समोर ठेवतात. मेट्रोचे इंजिन आणखी ताकद देऊ शकले असते, पण गिअरबॉक्सला तेवढा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, झेपणारा नव्हता. म्हणून खालच्या फेऱ्यांवर बूस्ट कमी रोखून धरला होता आणि फेरे वाढल्यावरच तो ०.५ बारच्या आसपास जाऊ दिला जाई.