कोरियन आकडे, इंग्लिश कॉमा आणि आपले लाख-कोटी

कोरियन शिकणाऱ्या इंग्लिशभाषिक लोकांना एक ते शंभर आकडे फारसा त्रास देत नाहीत. अकरा म्हणजे 'शिप-इल', दहा-एक. पंचवीस म्हणजे 'इ-शिप-ओ', दोन-दहा-पाच, बास. आपल्यासारखी एकोणसाठ-त्र्याहत्तरची भानगड नाही (२०१९ मधे बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय ना, कोरियन मुलं तसंच शिकतात आणि कुणाचं काही बिघडत नाही). वय सांगायला, वस्तू मोजायला 'हाना, दुल, सेत' असे वेगळे देशी आकडे पण आहेत, पण ते ९९ ला संपतात, म्हणून इथे सोडून देऊ.

खरी गाडी अडते दहा हजाराला. कारण कोरियनमधे दहा हजाराला स्वतंत्र शब्द आहे, 'मान'. मग दहा मान, शंभर मान, हजार मान असं करत जायचं आणि दहा हजार मान झाले की नवीन शब्द 'ऑक', दहा हजार ऑक झाले की 'जो'. म्हणजे इंग्लिशमधे दर तीन शून्यांनी नवीन नाव येतं तर कोरियनमधे दर चार शून्यांनी. ही पद्धत मूळ चीनची, जपानी लोकही असंच मोजतात. आणि हे काही फक्त पूर्वेकडचं खूळ नाही, प्राचीन ग्रीकमधेही दहा हजाराला वेगळा शब्द होता, आणि विश्व भरायला वाळूचे किती कण लागतील हे मोजताना आर्किमिडीजने दहा हजार गुणिले दहा हजार हेच पुढचं माप धरलं होतं, जे आकड्याने बरोबर एक ऑक होतं.

आता गंमत अशी की कोरियात बोलतात चारच्या हिशोबाने पण लिहिताना कॉमा मात्र इंग्लिशसारखा तीन-तीन अंकांवर देतात. समजा कुणाचा वर्षाचा पगार ३५,०००,००० वॉन आहे. डोळ्याला कॉमाच्या आधी ३५ दिसतात, इंग्लिशवाला लगेच 'थर्टी फाइव्ह मिलियन' म्हणून मोकळा, पण कोरियनमधे तोंडाने म्हणायचं 'सामचॉन-ओबॅक मान', म्हणजे ३५०० मान. कॉमा जिथे आहे तिथे थांबायचं नाही आणि जिथे थांबायचं तिथे कॉमाच नाही! लांबलचक आकडा समोर आला की कोरियन माणूस स्वतःसुद्धा उजवीकडून बोट ठेवत 'इल, शिप, बॅक, चॉन, मान' असं एकं-दहं करत जातो. पेपरवाले तर सरळ '१२ ऑक ५००० मान' असं अर्धं आकड्यात अर्धं शब्दात छापतात, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं आहे.

मेंदूला हे जड का जातं? कारण मोठा आकडा आपण अंक-अंक करून वाचत नाही, तुकडे पाडून वाचतो आणि प्रत्येक तुकड्याचं नाव लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं. कोरियन बोलताना तुकडे नव्याने पाडावे लागतात आणि तेही तोंडाने वाक्य चालू असताना. एका वेळी डोक्यात थोड्याच गोष्टी धरून ठेवता येतात, त्यामुळे भाषण चालू असतानाच भाषांतर करणारे दुभाषेसुद्धा आकडा आला की पटकन कागदावर उतरवतात. वर उच्चारही बदलतात, 'शिप' आणि 'मान' जोडले की ऐकू येतं 'शिम्मान', 'बॅक-मान'चं होतं 'बेंगमान'. शब्द माहीत असूनही कानाला पत्ता लागत नाही.

भाषांतरात काय हरवतं ते 'स्क्विड गेम' या कोरियन मालिकेत मस्त दिसतं. ४५६ खेळाडू, प्रत्येकाच्या जिवाची किंमत एक ऑक वॉन, म्हणून बक्षीस ४५६ ऑक. कोरियन प्रेक्षकाला हिशोब ऐकताक्षणी कळतो. इंग्लिश सबटायटलमधे तेच ४५.६ बिलियन होतात आणि माणशी किती ते भागाकार केल्याशिवाय दिसतच नाही.

मराठी माणसाला हे थोडं सोपं पडावं असं मला वाटतं. आपल्याला तीनच्या बाहेरचे कॉमे नवीन नाहीत, हजारानंतर आपण दोन-दोन शून्यांनी लाख, कोटी करतो. लाख म्हणजे दहा मान, कोटी म्हणजे हजार मान, दहा कोटी म्हणजे एक ऑक. एवढं पाठ केलं की निम्मं काम झालं. तिकडे एखाद्या पिक्चरला 'चॉनमान' प्रेक्षक मिळाले की तो सुपरहिट, तो आकडा म्हणजे आपला बरोबर एक कोटी. पण आपली नावं ३, ५, ७ अशा विषम शून्यांवर येतात आणि त्यांची ४, ८, १२ अशा सम, त्यामुळे हजार, लाख, कोटी यातलं काहीही त्यांच्या मान-ऑकशी सरळ जुळत नाही, दरवेळी दहाने किंवा हजाराने गुणावं-भागावं लागतंच.

इंग्लिश आणि कोरियन मात्र एका ठिकाणी भेटतात. तीन आणि चारचा लसावि बारा, म्हणून बारा शून्यांचा ट्रिलियन म्हणजे बरोबर एक जो. आपणही तिथे 'लाख कोटी' असं जोडनाव वापरतो, अर्थसंकल्पाच्या बातम्यांत रोज ऐकतो. दक्षिण कोरियाचं २०२५ चं बजेट साधारण ६७३ जो वॉन होतं, इंग्लिशमधे ६७३ ट्रिलियन, मराठीत ६७३ लाख कोटी, तिन्हीकडे तोच ६७३, दशांश चिन्ह कुठेच सरकवायला नको.