हेन्स्लो पत्रव्यवहार

केंब्रिज विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि धर्मोपदेशक जॉन स्टीव्हन्स हेन्स्लो (६ फेब्रुवारी १७९६ – १६ मे १८६१) यांनी लिहिलेली आणि त्यांना आलेली पत्रे. चार्ल्स डार्विन यांना ‘बीगल’ या सर्वेक्षण-जहाजावर जाण्याची संधी कळवणारे २४ ऑगस्ट १८३१ चे पत्र यांत सर्वांत गाजलेले आहे. त्या एका पत्रामुळे हेन्स्लो यांची ओळख ‘डार्विनचे गुरू’ एवढीच उरली. बाकीची पत्रे वाचली म्हणजे वेगळे चित्र दिसते. नमुने मागवणे, वाटणे, योग्य माणसाशी योग्य माणसाची गाठ घालून देणे, हेच त्यांचे रोजचे काम होते आणि डार्विन यांना लिहिलेले पत्र त्याच रिवाजातले होते.

हेन्स्लो यांचा जन्म केंटमधील रॉचेस्टरचा. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातून १८१८ मध्ये ते पदवीधर झाले. पुढच्याच वर्षी भूवैज्ञानिक ॲडम सेज्विक यांच्याबरोबर केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटी स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. १८२२ मध्ये ते खनिजशास्त्राचे आणि १८२५ मध्ये वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी विद्यार्थी आणि प्राध्यापक एकत्र जमत. डार्विन यांची त्यांच्याशी ओळख याच काळातली. केंब्रिजमध्ये डार्विन यांना ‘हेन्स्लोबरोबर फिरणारा माणूस’ म्हणून ओळखले जाई.

त्या काळच्या टपालाची पद्धत लक्षात घेतल्याशिवाय या पत्रांचे मोल कळत नाही. १८४० पूर्वी इंग्लंडमध्ये टपालखर्च अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे आणि बहुधा पत्र घेणाऱ्याला तो भरावा लागे. १० जानेवारी १८४० पासून अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागले. वाळवलेली रोपटी, बियांच्या पुड्या, छापील याद्या यांची देवघेव हाच ज्यांच्या शास्त्राचा पाया, त्यांना हा बदल वरदान होता.

प्राध्यापकीच्या सुरुवातीला हेन्स्लो यांनी ब्रिटिश वनस्पतींचा मोठा शुष्क संग्रह उभा केला. त्यात साडेतीन हजारांहून अधिक कागद आहेत. त्यासाठी विद्यार्थी, पाद्री आणि हौशी संग्राहक ठिकठिकाणांहून नमुने पाठवत. एकाच जातीची वेगवेगळ्या जागी उगवलेली रोपे ते एका कागदावर शेजारी शेजारी लावत. उंच, ठेंगणे, रुंद पानाचे, अरुंद पानाचे असे सारे भेद एका नजरेत यावेत, हा हेतू. जातीची मर्यादा कुठपर्यंत, हा त्यांचा प्रश्न होता. जाती स्थिर आहेत या श्रद्धेनेच ते तो विचारत होते. त्यांच्या विद्यार्थ्याने, डार्विन यांनी, पुढे याच प्रश्नाचे उलटे उत्तर दिले: जाती बदलतात.

बीगलची संधी डार्विन यांच्यापर्यंत पोहोचली ती पत्रांच्या साखळीतून. बीगलचे कॅप्टन फिट्झरॉय यांना सफरीत सोबतीला निसर्गाचा अभ्यासू माणूस हवा होता. नौदलाच्या जलालेखन खात्याचे प्रमुख फ्रान्सिस बोफर्ट यांनी केंब्रिजचे गणितज्ञ जॉर्ज पीकॉक यांना विचारले, पीकॉक यांनी हेन्स्लो यांना. हेन्स्लो यांनी आधी आपले मेहुणे लेनर्ड जेनिन्स यांचे नाव सुचवले, पण धर्मोपदेशक असलेल्या जेनिन्स यांना आपली पॅरिश, म्हणजे चर्चचा विभाग, सोडवेना. स्वतः जाण्याचाही विचार हेन्स्लो यांच्या मनात आला होता, पत्नीकडे पाहून तो त्यांनी सोडला. मग त्यांनी डार्विन यांना लिहिले. पत्रात स्तुती आहे, पण तोलून मापून केलेली: तुम्ही तयार निसर्गशास्त्रज्ञ आहात असे मी समजत नाही, मात्र गोळा करणे, पाहणे आणि टिपण्याजोगे टिपून ठेवणे यासाठी तुम्ही पुरेपूर लायक आहात, असा त्याचा आशय. डार्विन वेल्समधून २९ ऑगस्टला घरी आले तेव्हा त्यांना ते मिळाले. वडिलांच्या विरोधामुळे दुसऱ्या दिवशी त्यांनी नकार कळवला. मामा जोसाया वेजवूड यांनी वडिलांचे मन वळवले आणि २७ डिसेंबर १८३१ रोजी जहाज निघाले.

सफरीतला पत्रव्यवहार या संग्रहातला सर्वांत जिवंत भाग आहे. डार्विन यांचे पहिले सविस्तर पत्र १८३२ च्या मे-जूनमध्ये रिओ दि जानेरोहून लिहिलेले. नमुन्यांच्या पेट्या केंब्रिजला येऊ लागल्या आणि त्या उघडून पाहण्याचे, सुकवण्याचे, सांभाळण्याचे काम हेन्स्लो यांच्या गळ्यात पडले. १५ जानेवारी १८३३ रोजी सुरू केलेल्या पत्रात त्यांनी शिष्याला अगदी कारागिरीच्या सूचना दिल्या. तुकडे पाठवू नका, मूळ, फूल, पान असलेले अखंड रोप पाठवा. मोठे नेचे आणि पाने एका बाजूला दुमडून कागदात बसवा. टाके घालू नका, त्याशिवायच नमुने प्रवासात नीट राहतात. २२३ क्रमांकाखाली काय पाठवले आहे म्हणून त्यांनी वैतागून विचारले, कारण त्यांच्या हाती आला होता तो नुसता काजळीचा गोळा. विज्ञानाच्या इतिहासात थोर माणसांच्या पत्रांना फार आदराने हात लावतात, म्हणून असे उतारे मुद्दाम वाचावेत.

हे पत्र डार्विन यांना मिळाले जुलै १८३४ मध्ये, चिलीतल्या वाल्पाराइसोला. म्हणजे दीड वर्षाने. त्याच पेटीत डिसेंबर १८३३ चे पत्रही होते. मध्यंतरीची सारी पेट्यांची बांधाबांध त्या सूचनांशिवायच झाली. त्याआधी मार्च १८३४ मध्ये फॉकलंड बेटांवर हेन्स्लो यांचे ३१ ऑगस्ट १८३३ चे पत्र पोहोचले होते. दक्षिण अमेरिकेतून पाठवलेले मेगॅथेरियम या प्रचंड नष्ट प्राण्याचे अवशेष फार महत्त्वाचे ठरले आणि केंब्रिजला भरलेल्या ब्रिटिश असोसिएशन या शास्त्रज्ञांच्या संघटनेच्या सभेत ते मांडले गेले, ही बातमी त्यात होती. आपण पाठवतो त्याची कुणाला किंमत आहे की नाही, या शंकेत असलेल्या तरुणाला या पत्राने फार आनंद झाला. हेन्स्लो यांची मोजकीच पत्रे जहाजापर्यंत पोहोचली. पण पोहोचली ती अशा वेळी.

१६ नोव्हेंबर १८३५ रोजी हेन्स्लो यांनी डार्विन यांच्या पत्रांतील भूविज्ञानविषयक उतारे केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीत वाचून दाखवले. १ डिसेंबरची तारीख घातलेली त्या उताऱ्यांची पुस्तिका सभासदांसाठी छापली गेली. डार्विन यांना विचारले नव्हते, विचारायला वेळही नव्हता. परतीच्या प्रवासात घरच्या पत्रातून हे कळल्यावर ते बरेच धास्तावले, कारण घाईत लिहिलेला मजकूर न तपासता छापला होता. पण बीगल परत येण्याआधीच लंडन आणि केंब्रिजच्या शास्त्रज्ञांत त्यांचे नाव झाले होते. ते हेन्स्लो यांच्या या न विचारता केलेल्या उठाठेवीमुळेच.

पुढची काही पत्रे हेन्स्लो यांची अडचण सांगतात. बीगलवरील वनस्पती त्यांच्याकडे होत्या. त्यांतील हिंदी महासागरातल्या किलिंग बेटांच्या वनस्पतींवर त्यांनी १८३८ मध्ये लेख लिहिला, गॅलापागसच्या निवडुंगाचे वर्णनही केले. बाकीचे काम रखडत गेले. अखेर १८४३ मध्ये तो साठा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांच्याकडे गेला आणि त्यातूनच डार्विन व हूकर यांचा दीर्घ पत्रव्यवहार सुरू झाला. गॅलापागसच्या वनस्पतींवरचे हूकर यांचे लेखन १८४७ मध्ये प्रसिद्ध झाले. १८५१ मध्ये हूकर हेन्स्लो यांचे जावई झाले.

रखडण्याचे कारण सफोक परगण्यात होते. १८३७ मध्ये हेन्स्लो यांना हिचम या खेड्याची रेक्टरी, म्हणजे तिथल्या चर्चच्या धर्मोपदेशकाची जागा, मिळाली आणि १८३९ मध्ये ते कुटुंबासह तिथे राहायला गेले. केंब्रिजला ते व्याख्यानांपुरते जात. प्राध्यापक खेड्यात जाऊन वाया गेला, असे काहींना वाटले. पत्रे पाहता तसे म्हणवत नाही. १८४३ मध्ये त्यांनी सफोकच्या शेतकऱ्यांना उद्देशून वर्तमानपत्रात पत्रे लिहिली. शेणखताच्या ढिगात जिप्सम मिसळल्याने अमोनिया टिकतो का, हे शेतकऱ्यांनी आपापल्या शेतावर करून पाहावे आणि निष्कर्ष कळवावेत, अशी त्यांची योजना होती. छापील पत्रातून अनेकांकडून एकाच वेळी प्रयोग करवून घेण्याचा हा प्रयत्न त्या काळी नवा होता. फेलिक्सस्टोच्या किनाऱ्यावरच्या गोट्यांत फॉस्फेट भरपूर आहे आणि त्याचे खत होऊ शकते, हेही त्यांनी दाखवले. त्यातून पैसा मिळवला तो इतरांनी. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला तेव्हा सडक्या बटाट्यातून पिष्ट (स्टार्च) कसे काढावे हे त्यांनी लोकांना सांगितले.

हिचमच्या शाळेत ते मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवत. मुलींचा एक चांगला तयार गट झाला होता. १८५५ मध्ये डार्विन यांना ठराविक वनस्पतींचे बी हवे होते, तेव्हा त्यांनी या मुलींकडून ते गोळा करवून द्यावे अशी विनंती हेन्स्लो यांना केली.

‘जातींचा उगम’ छापून झाल्यावर नोव्हेंबर १८५९ मध्ये डार्विन यांनी ‘निसर्गविज्ञानातील आपल्या जुन्या गुरूं’ना प्रत धाडली आणि ती पसंत पडणार नाही ही भीतीही लिहिली. भीती खरी ठरली. जाती बदलतात हा सिद्धान्त हेन्स्लो यांना पटला नाही, पण शिष्यावर कुणी बेइमानीचा आरोप करणे त्यांना खपत नव्हते. मे १८६० मध्ये केंब्रिजला सेज्विक यांनी पुस्तकावर हल्ला चढवला तेव्हा हेन्स्लो डार्विन यांच्या बाजूने उभे राहिले आणि ती हकीकत त्यांनी हूकर यांना कळवली. ३० जूनला ऑक्सफर्डमध्ये डार्विन यांचे विरोधक बिशप विल्बरफोर्स आणि पाठीराखे हक्स्ली यांची गाजलेली चकमक झाली त्या बैठकीचे अध्यक्ष हेन्स्लो होते. दोन्ही बाजूंनी विश्वास ठेवावा असा माणूस त्या खोलीत दुसरा कुणी असेल असे वाटत नाही.

या पत्रांचे जतन एकतर्फी झाले आहे. डार्विन यांची बीगलवरची पत्रे हेन्स्लो यांनी जपली. ती आज लंडनमधील क्यूच्या वनस्पतिउद्यानात आहेत. डार्विन मात्र आलेली पत्रे जुन्या दुकानातल्या बिलांसारखी तारेला टोचून ठेवत आणि तारा भरल्या की जाळून टाकत. ही सवय १८६२ च्या सुमारास सुटली, म्हणजे हेन्स्लो यांच्या मृत्यूनंतर. त्यामुळे १८४० आणि १८५० च्या दशकांत डार्विन यांनी काय विचारले ते कळते, पण हेन्स्लो यांचे उत्तर पुष्कळदा अंदाजानेच जुळवावे लागते. जोसेफ यांचे वडील विल्यम हूकर यांना लिहिलेली हेन्स्लो यांची पत्रे क्यूला आहेत, इतर बरीच केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात.

१८६२ मध्ये जेनिन्स यांनी हेन्स्लो यांचे चरित्र प्रसिद्ध केले आणि त्यासाठी डार्विन यांनी आठवणी लिहून दिल्या. डार्विन यांची नात नोरा बार्लो यांनी १९६७ मध्ये दोघांची १८३१ ते १८६० या काळातील पत्रे संपादित केली. डार्विन पत्रव्यवहाराच्या तीस खंडांच्या आवृत्तीत ही पत्रे टिपांसह आली आहेत. एकोणिसाव्या शतकातील वैज्ञानिक पत्रव्यवहारासाठी केंब्रिजमधून चालणाऱ्या ‘एप्सिलॉन’ या महाजालीय संग्रहात हेन्स्लो यांची पत्रे स्वतंत्र संच म्हणून पाहता येतात. तिथे डार्विन हे अनेक पत्रलेखकांपैकी एक म्हणून दिसतात.